दरपत्रकात कोणता आकडा लिहायचा?

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. वाचक अंक विकत घेतात, पण अंकाचा खर्च बहुतेक वेळा जाहिराती उचलतात. म्हणून दर वर्षी जाहिरातदाराला दरपत्रक पाठवावं लागतं आणि त्यात खप लिहावा लागतो. आता अंकांच्या वेबसाइटही आहेत, तेव्हा खपाच्या शेजारी साइटचा आकडा येतो. हिट्स, पेजव्ह्यू, व्हिजिटर, रेफरल हे शब्द तिथे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यात जाहिरातदाराची दिशाभूल होते आणि कित्येकदा लेखकावर अन्याय होतो.

पुढचा संवाद कल्पित आहे. मामा एका वाङ्मयीन त्रैमासिकाचे संपादक आहेत आणि भाची त्याची साइट सांभाळते. दोघांचंही अंकावर प्रेम आहे, आकड्यांबद्दल मात्र त्यांचं जमत नाही.

मामा: यंदाच्या दरपत्रकात छापील खपाखाली एक ओळ वाढव. होस्टिंगच्या पॅनेलवर मी बघितलं, महिन्याला सहा लाख हिट्स आहेत. एवढी मोठी संख्या आपल्या अंकाच्या वाट्याला कधी आली नव्हती.

भाची: आकडा खरा आहे मामा, पण तो वाचकांचा नाही. ब्राउझरने सर्व्हरकडे एक फाइल मागितली की एक हिट होते. आपल्या जुन्या मुखपृष्ठांचं पान घे. त्यात मजकुराची एक फाइल, सजावटीच्या दोन, स्क्रिप्टच्या चार, फॉन्टच्या तीन आणि मुखपृष्ठांची चाळीस चित्रं आहेत. एकाने एकदा ते पान उघडून खालपर्यंत पाहिलं की सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पन्नास ओळी उमटतात. बारा जणांनी तसं पाहिलं तर सहाशे हिट्स झाल्या.

मामा: म्हणजे सहा लाखांना पन्नासने भागायचं? बारा हजार राहतात. तेही वाईट नाहीत.

भाची: तसं भागता येत नाही, कारण प्रत्येक पानाच्या फाइलींची संख्या वेगळी. कवितेच्या पानाला दहा हिट्स लागतात, मुखपृष्ठांच्या पानाला पन्नास. शिवाय त्या ओळींत सापडलेल्या फाइलींबरोबर न सापडलेल्याही असतात. गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, पानं वाचून जातो, त्याच्या ओळी असतात. साइटमध्ये शिरकाव करता येतो का ते चाचपणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळीही असतात. उलट ज्या वाचकाच्या फोनमध्ये आपली चित्रं आधीच साठलेली आहेत, त्याचा फोन ती पुन्हा मागतच नाही. म्हणजे एका बाजूने आकडा फुगतो आणि दुसऱ्या बाजूने गळतो.

मामा: छापील खप तरी कुठे वाचक मोजतो? आपला एक अंक वाचनालयात गेला की वर्षभर कितीतरी हातांतून फिरतो. उलट दुसरा एखाद्या घरी पाकिटातच राहतो. खप हाही अंदाजच आहे, तरी शंभर वर्षं आपण तो लिहितो. मग हिट्सवर एवढा राग का?

भाची: खपाचं माप ठरलेलं आहे, म्हणून. विकलेली एक प्रत म्हणजे एक. विक्रेत्याने परत पाठवलेले अंक वजा करायचे. ते तपासायला १९४८ पासून ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आहे. एक प्रत किती जणांनी वाचली हा वेगळा प्रश्न, आणि त्यासाठी वाचक-सर्वेक्षण वेगळं होतं. दोन प्रश्नांची दोन उत्तरं कुणी एकमेकांत मिसळत नाही. हिटला असं स्थिर मापच नाही. पावसाळ्यात मी साइट हलकी केली. आता चित्रं वाचक खाली सरकला तरच उतरतात. त्या महिन्यात हिट्स जवळपास निम्म्या झाल्या. वाचक तेवढेच राहिले आणि साइट आधीपेक्षा भरभर उघडू लागली. काम चांगलं झालं की जो आकडा घसरतो, तो यशाचा आकडा म्हणून कसा छापायचा?

मामा: पटलं. मग पेजव्ह्यू लिही. एक पान उघडलं म्हणजे एक. हे तरी माप आहे ना?

भाची: हिटपेक्षा फार बरं आहे. पण पान उघडलं हे कुणी मोजलं, ते विचारायला हवं. मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत सर्व्हरचा लॉग वाचायचा, चित्रं-फॉन्ट गाळायचे आणि फक्त पानं मोजायची. त्यात बॉट शिरतात, ते ओळखून काढावे लागतात. दुसरीत पानात एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची. ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालली की नोंद होते. गूगल ॲनालिटिक्स आणि मॅटोमो मुख्यतः असंच मोजतात. त्यात साधे बॉट येत नाहीत, पण जाहिराती अडवणारं साधन वापरणारा वाचकही निसटतो. एकाच महिन्यात एकाच साइटचे हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

मामा: आणि तोच माणूस तेच पान पाच वेळा उघडतो तेव्हा?

भाची: पाच पेजव्ह्यू. एकच लेख आपण पाच पानांत तोडून ‘पुढे वाचा’ची बटणं लावली, तरी शेवटपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक वाचकामागे पाच. कित्येक साइट फोटोंच्या मालिका करतात त्या याचसाठी. म्हणून पेजव्ह्यूसोबत व्याख्या लिहावी लागते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचं उदाहरण मला फार आवडतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यातल्या कुठल्याही लेखाचे पेजव्ह्यू कुणालाही दिवसागणिक बघता येतात. २०१५ साली फाउंडेशनने पेजव्ह्यूची नवी व्याख्या लागू केली आणि स्वतःची ओळख सांगून येणारे बॉट वेगळे काढले. २०२० पासून माणसाचं सोंग घेऊन येणारे प्रोग्रॅमही वेगळ्या गटात टाकले. त्याने माणसांच्या नावावरचा आकडा कमी झाला, तरी त्यांनी तो केला आणि कसा केला ते जाहीरपणे लिहिलं. आपण एवढं तरी करू शकतो.

मामा: जाहिरातदार मला पानं विचारत नाही गं. तो विचारतो, माणसं किती येतात? त्याचं सरळ उत्तर दे.

भाची: सरळ उत्तर नाही. स्टीफन टर्नर यांनी १९९५ साली केंब्रिजमध्ये ‘ॲनालॉग’ नावाचा लॉग वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे तो जगभर वापरला गेला. त्याच्या माहितीपत्रात त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं होतं की लॉगवरून भेट देणाऱ्यांची खरी संख्या कळत नाही. आयपी पत्ता मोजावा, तर मोबाइल कंपन्या एकाच पत्त्याआड असंख्य ग्राहक ठेवतात. म्हणून कुकी वापरतात. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी ती १९९४ साली आणली. पण ती खूण ब्राउझरची असते. तू फोनवर वाचतोस आणि कार्यालयातल्या संगणकावरही वाचतोस, म्हणजे तू दोन. मामी आणि आजी एकाच टॅबवर वाचतात, त्या मिळून एक. ॲपलच्या सफारीत तर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी २०१९ पासून सात दिवसांत पुसली जाते. आपला वाचक दहा-पंधरा दिवसांनी एकदा येतो. सफारीवरून येणारा आपला सर्वांत जुना, सर्वांत निष्ठावान वाचक आपल्या अहवालात दर वेळी नवा दिसतो.

मामा: म्हणजे ‘नवे वाचक वाढले’ म्हणून मागच्या बैठकीत आपण आनंद केला, तो कदाचित जुन्याच वाचकांच्या परत येण्याचा होता.

भाची: काही अंशी नक्कीच.

मामा: बरं, ते येतात कुठून, एवढं तरी खात्रीने सांगशील? मला जो तो भेटून सांगतो की लेख व्हॉट्सॲपवर आला. तुझ्या अहवालात व्हॉट्सॲप शोधावं लागतं. सगळ्यांत वर ‘डायरेक्ट’ असतं. एवढे लोक आपला पत्ता पाठ करून टाइप करतात?

भाची: नाही. पत्ता टाइप करणारे थोडे असतात. एखाद्या साइटवरचा दुवा दाबून वाचक आपल्याकडे आला, तर त्याचा ब्राउझर मागणीसोबत आधीच्या साइटचं नाव पाठवतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या अधिकृत दस्तऐवजातही ही सोय लिहिलेली आहे. त्या नावावरून रेफरल मोजतात. पण व्हॉट्सॲपच्या गटातला दुवा दाबला तर साधारणपणे असं कुठलंच नाव येत नाही. पीडीएफमधून, ईमेलच्या ॲपमधून येणाराही बहुधा बिननावाचा येतो. कुठून आला ते कळलं नाही की ॲनालिटिक्स त्याला ‘डायरेक्ट’ म्हणतं. ‘दि अटलांटिक’मध्ये ॲलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ साली या न दिसणाऱ्या देवघेवीला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं. मराठी साइटच्या बाबतीत तर माणसं लेख एकमेकांना मुख्यतः अशीच देतात.

मामा: मग रेफरलच्या यादीत जे दिसतं ते सगळ्यांत महत्त्वाचं नसून फक्त नाव सांगणारं आहे.

भाची: अगदी. आणि नाव सांगणाराही आता अर्धंच सांगतो. क्रोमने २०२० पासून दुसऱ्या साइटला फक्त साइटचं नाव द्यायचं असं ठरवलं, नेमकं पान देत नाही. गूगलवर काय शोधून वाचक आला, ते २०११ पासून झाकायला सुरुवात झाली होती. त्यात खोटी रेफरलही असतात. मालकाने कुतूहलाने दुवा दाबावा म्हणून काही प्रोग्रॅम बनावट नावं पेरून जातात.

मामा: तुझं सगळं ऐकून मला एकच कळतं की हे आकडे बाजूला ठेवावेत. छापील अंकाची ओळ पुरे.

भाची: नाही, इथेच माझं तुझं जमत नाही. तुला आकडा मिरवण्यापुरता हवा होता. मिरवता येत नाही म्हटल्यावर तू तो टाकून देतोस. मला तो कामासाठी हवा आहे. ज्या लॉगला मी मघाशी नावं ठेवली, त्याच लॉगमध्ये व्हॉट्सॲपचा मागही आहे. कुणी गटात आपला दुवा टाकायला घेतला की त्याच्या फोनमधलं व्हॉट्सॲप शीर्षक आणि चित्र दाखवण्यासाठी आपल्या साइटला विचारून जातं, आणि लॉगमध्ये स्वतःचं नाव ठेवून जातं. ती हिट वाचनाची नाही, कुणीतरी लेख दुसऱ्याला द्यायला घेतल्याची आहे. पुढे नुसता फॉरवर्ड झाला तर ते कळत नाही. पण कुठल्या लेखाचा दुवा लोक पुन्हा पुन्हा देतात, याचा अंदाज येतो. सहा लाखांची बेरीज निरुपयोगी आहे. त्यातल्या या मोजक्या ओळी मात्र मोलाच्या आहेत.

मामा: त्या ओळींत काय सापडलं?

भाची: ग्रामीण बोलींवरचा तो लांब निबंध. पेजव्ह्यूच्या यादीत तो बराच खाली आहे, आणि दुवे देण्याच्या यादीत अगदी वर. आणखी एक सापडलं. गेल्या वर्षी साइट बदलली तेव्हा जुन्या लेखांचे पत्ते बदलले. ‘४०४’, म्हणजे पान सापडलं नाही, अशा ओळी मी वेगळ्या काढल्या. लोकनाट्यावरच्या एका जुन्या लेखाचा पत्ता त्यात रोज येतो. रेफरल पाहिलं तर एका महाविद्यालयाची साइट दिसली. तिथे अभ्यासाच्या साहित्यात आपला दुवा दिलेला आहे. म्हणजे विद्यार्थी रोज आपल्या दारात येऊन परत जात होते. तो पत्ता मी काल जोडून दिला. आकडे बाजूला ठेवले असते तर हे कधी कळलंच नसतं.

मामा: हे काम तू फार चांगलं केलंस. अशा कामाला माझा कधीच विरोध नव्हता. मला भीती पुढच्या पायरीची आहे. आज तू तुटलेले दुवे शोधतेस. उद्या संपादक मंडळात कुणीतरी यादी घेऊन येईल आणि म्हणेल, फराळाच्या पाककृतींना सगळ्यांत जास्त पेजव्ह्यू आहेत, ग्रंथसमीक्षेला सगळ्यांत कमी, तेव्हा समीक्षा बंद करा. मी नव्या कवीची पहिली कविता छापतो, तेव्हा तिला वाचक नसतातच. ते तयार व्हायचे असतात. जो वाचक अजून तयार झालेला नाही, त्याची नोंद तुझ्या लॉगमध्ये कशी असेल?

भाची: नसेल. आणि अशी यादी आणणाऱ्याला मी आधी विचारीन की समीक्षेचा वेळ कसा मोजला. जुन्या गूगल ॲनालिटिक्समध्ये एका पानावरचा वेळ म्हणजे ते पान उघडल्यापासून पुढचं पान उघडेपर्यंतचा वेळ. वाचक थेट समीक्षेवर आला, वीस मिनिटं मन लावून वाचली आणि तृप्त होऊन निघून गेला, तर पुढचं पान नाही, म्हणून वेळ शून्य. वर ती भेट ‘बाउन्स’ म्हणून नोंदली जायची. म्हणजे चांगल्या वाचकाची नोंद आल्या पावली परतलेला म्हणून व्हायची. ती पद्धत १ जुलै २०२३ ला थांबली. नव्या पद्धतीत भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालली, किंवा वाचकाने दोन पानं उघडली, तरी ती गुंतलेली भेट धरतात. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणंही चूक आहे. हे ज्याला ठाऊक आहे, तो आकड्यावरून लेखकाला घरी पाठवणार नाही.

मामा: ज्याला ठाऊक नाही, तो पाठवेल. आणि बैठकीत त्यांचीच संख्या जास्त असते. शिवाय मला आणखी एक टोचतं. छापील अंक वाचणारा कुठल्या पानावर थांबला, कुठली कथा अर्धी टाकली, हे आपल्याला कधीच कळत नव्हतं. ते त्याचं खासगी होतं. वाचणाऱ्या माणसाच्या मागे मागे फिरणं हे संपादकाचं काम नाही.

भाची: याबाबत मी तुझ्याच बाजूची आहे. मोजायचं असेल तर माणूस न ओळखता मोजता येतं. विकिमीडियाची रीत सांगते. प्रत्येक वाचकाला क्रमांक देण्याऐवजी ते ब्राउझरमध्ये फक्त शेवटच्या भेटीची तारीख ठेवतात. मागणीसोबत आजची तारीख आली नाही, तर आजचं एक नवं उपकरण धरायचं. किती उपकरणं ते कळतं, कुणाचं ते कळत नाही. आपल्या साइटवर मी मॅटोमो आपल्याच सर्व्हरवर ठेवते आणि कुकी बंद करते. आकडा थोडा ढोबळ होईल, पण वाचकाचा माग तिसऱ्याच्या हातात जाणार नाही.

मामा: मग आता दरपत्रकाचं बोलू. काय लिहायचं?

भाची: मी असा मसुदा केला आहे: ‘गेल्या बारा महिन्यांत साइटवरील पाने दरमहा सरासरी इतक्या वेळा वाचकांच्या ब्राउझरमध्ये उघडली गेली. मोजणी पानातील स्क्रिप्टने केली असून ओळखता येणारे बॉट वगळले आहेत. एकच लेख अनेक पानांत तोडलेला नाही. ही संख्या माणसांची नाही.’ खाली छापील खप वेगळा. दोन्हींची बेरीज करायची नाही.

मामा: जाहिरातदार म्हणेल, शेजारच्या अंकाने दहा लाख लिहिलेत.

भाची: त्याला आपण दहा लाख काय ते विचारायला शिकवू. शिवाय प्रत्येक जाहिरातीला मी खूण जोडलेला वेगळा दुवा देईन आणि दिवाळीनंतर किती जणांनी तो दाबला ते कळवीन.

मामा: त्यातही जपून. सराफाची जाहिरात बघून माणूस दुवा दाबत नाही, धनत्रयोदशीला दुकानात जातो. क्लिक थोडे म्हणून जाहिरात वाया गेली असं त्याला वाटायला नको.

भाची: बरोबर. कुणी खुणेचा दुवा उचलून ईमेलने पुढे पाठवला तर खूणही त्याच्यासोबत जाते, हेही सांगावं लागेल. अहवालात आकड्याखाली लिहीन की यात दुकानात आलेले ग्राहक धरलेले नाहीत.

मामा: मग माझ्याही दोन अटी लिहून घे. पेजव्ह्यूची यादी लेखनाच्या निवडीच्या बैठकीत येणार नाही. निवड झाल्यावर मात्र शीर्षक, मांडणी, दुवे, पान उघडायला लागणारा वेळ, यांत तुझा शब्द शेवटचा. आणि हा मसुदा ओळखीच्या बाकी संपादकांना पाठव. आपण एकट्यांनीच नीट मोजलं तर आपला आकडा फक्त लहान दिसेल. पाच-दहा अंकांनी एकाच व्याख्येने मोजलं तर त्या आकड्याला बाजारात किंमत येईल.

भाची: मसुदा आजच पाठवते. पहिली अट मात्र मला अर्धीच मान्य आहे. लेख निवडताना यादी नको, हे ठीक. पण एखादा विषय लोक वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवत असतील, तर त्यावर नवा लेख मागवावा का, हे बैठकीत मांडण्याचा हक्क मला हवा.

मामा: मांड. आकडा घेऊन ये, पण सोबत तो काय मोजतो आणि काय मोजत नाही तेही लिहून आण. दोन्ही वाचूनच ठरवू.